कोतो, पियानो आणि माझा कोमल रिषभ

माझ्या मुलीने पियानो शिकावा ही हौस माझी होती, तिची नव्हती. आम्ही तेव्हा सिंगापूरला, बिशानमध्ये राहायचो. नवरा आणि मी दोघंही चांगी बिझनेस पार्कमध्ये कामाला होतो, तो एका आयटी कंपनीत आणि मी एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये. आठवडाभर मुलगी आमच्या वाट्याला फारशी यायची नाही, म्हणून शनिवारी तिला क्लासला नेणं मी स्वतःकडे ठेवलं होतं.

क्लास समोरच्याच ब्लॉकमध्ये होता, घरगुती. शिकवणाऱ्या बाई जपानी होत्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, करडे केस मानेवर घट्ट बांधलेले, आणि ऊन असो की पाऊस, अंगात तोच राखाडी स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज. सगळी मुलं त्यांना 'सेन्सेई' म्हणायची, म्हणजे जपानीत बाई किंवा गुरुजी. मीही तेच म्हणायला लागले. त्या मला 'मॅडम' म्हणायच्या आणि पुढे आम्ही कितीही जवळ आलो तरी मी त्यांची मॅडमच राहिले. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत. त्यांचं तुटक तुटक, माझं ऑफिसातलं.

एका शनिवारी मुलीचा धडा संपला आणि ती बूट घालत बसली. सेन्सेई पियानोवर स्वतःशीच काहीतरी वाजवत होत्या. पुस्तकातलं नव्हतं. मोजकेच सूर, मध्ये भरपूर जागा सोडलेली. मी सोफ्यावर बसले होते आणि मला कळायच्या आत मी त्या सुरांबरोबर गुणगुणायला लागले.

सेन्सेईंचे हात थांबले.

"मॅडम, काय गायलात?"

"सॉरी, काही नाही. सहज."

"सॉरी नको. पुन्हा गा."

मुलगी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मी लाजत लाजत पुन्हा गायले. सा, कोमल रिषभ, मध्यम, पंचम, कोमल धैवत. लहानपणी पुण्यात मी बारावीपर्यंत गाणं शिकले होते, मग सीएची आर्टिकलशिप आली आणि तंबोरा माळ्यावर गेला. पण तिथल्या बाईंनी शिकवलेला गुणक्री घशात कुठेतरी शिल्लक होता. मी सेन्सेईंना सांगितलं की आमच्याकडे या सुरांचा एक राग आहे आणि तो सकाळी गातात.

"सकाळी!" त्या मोठ्यांदा हसल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "आमच्याकडे हे शहराचे सूर. दिवे लागल्यावरचे. आणि कोतो शिकायला बसलं की पहिल्यांदा तो याच सुरांत लावायला शिकवतात."

कोतो म्हणजे त्यांचं तंतुवाद्य. माणसाच्या उंचीएवढी लांब लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी घोडी. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, आणि घोडीच्या पलीकडे डाव्या हाताने तार दाबली की सूर वर चढतो. हे सगळं त्यांनी मला पियानोच्या झाकणावर बोटांनी करून दाखवलं.

"तुम्ही एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये जे केलंत," त्या म्हणाल्या, "ते पियानोला येत नाही. कोतोला येतं."

"त्याला आम्ही मींड म्हणतो. तुम्ही वाजवता कोतो?"

"वाजवायचे," त्या म्हणाल्या आणि पुस्तकं आवरायला लागल्या.

काही महिन्यांनी मुलीने आपल्या सिंगापुरी इंग्रजीत निकाल दिला. "आई, आय डोन्ट वॉन्ट, लाह. नेटबॉल इज बेटर." मी हे सांगायला सेन्सेईंकडे गेले तेव्हा काय म्हणावं त्यांनी? म्हणाल्या, "ठीक आहे. ती नको. तुम्ही या."

कम्युनिटी क्लबमध्ये त्यांचा कॉयर होता, म्हणजे समूहगायनाचा गट. शनिवारी दुपारी सराव, शेजारच्या हॉलमध्ये बॅडमिंटन चाललेलं. निवृत्त झालेल्या चिनी बायका, एक मलय शिक्षिका, बँकेतले दोन-तीन पुरुष, एक फिलिपिनो नर्स, आणि खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांची कायम टंचाई. मी तिथे उभी राहिले आणि पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. कॉयरमध्ये सगळ्यांनी एका सुरावर सरळ उभं राहायचं असतं. माझा आवाज सरळ उभा राहीना. तो खालून यायचा, सुराला हात लावायचा, मग बसायचा. माझ्या शेजारी एक चिनी आंटी गायच्या, त्या मला कोपराने ढोसायच्या. "स्ट्रेट, स्ट्रेट! व्हाय यू गो लाइक रोलर कोस्टर?"

मी सरळ गायला शिकले. घरी फोनवर सूर लावून शिकले, ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिकले. तरी अधूनमधून निसटायचं. एकदा असंच निसटलं आणि सेन्सेईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, आता संपलं.

"मॅडम, तेच पुन्हा. एकट्या."

मी गायले. बॅडमिंटनचं फूल पलीकडे फटफट वाजत होतं.

"हे इथे नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण टाकून देऊ नका. मला लागणार आहे."

सरावानंतर आम्ही दोघी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला बसायचो. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग मुलीचा फोन येईपर्यंत. तिथे त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

त्यांचं गाव लहानसं, बंदराचं. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळेने नवा पियानो घेतला तेव्हा जुना यांच्या घरी आला. त्याच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. आत्या चहाच्या दुकानाच्या माडीवर कोतो शिकवायची. दुपारी पियानो, संध्याकाळी आत्याची माडी. "मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी दोन संगीतं असतात," त्या म्हणाल्या. "घरातल्या चपला आणि बाहेरच्या चपला असतात तशी."

पुढे त्या टोकियोला संगीताच्या कॉलेजात गेल्या. तिथले प्राध्यापक म्हणत, कोतो ठीक आहे, नववर्षाला दुकानांत लावायला बरा. आणि कोतोच्या घराण्यात त्यांच्या पियानोबद्दल कोणी बोलतच नसे, जसं काही तो एखादा आजार होता. तरी त्यांचा हात इतका तयार होता की घराण्याच्या मुख्य गुरूंनी त्यांना नाव दिलं. त्यांच्याकडे ही मोठी गोष्ट. शिष्य तयार झाला की गुरू त्याला कलेसाठी वेगळं नाव देतात आणि मग त्या नावाने त्याने वाजवायचं, शिकवायचं.

त्यानंतर त्यांनी आपली पहिली मोठी रचना लिहिली. कोतो आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातली चार तंतुवाद्यं. कोतो त्या स्वतः वाजवणार. गुरू पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि कार्यक्रम संपल्यावर एक शब्द न बोलता निघून गेल्या. वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं की घरात पाहुण्यांना कुठे बसवावं हे या मुलीला कळलेलं नाही.

"दुसऱ्या दिवशी गुरूंनी बोलावलं," सेन्सेई म्हणाल्या. "चहा दिला. मग म्हणाल्या, या नावाने तू असलं वाजवू नकोस."

"मग?"

"मी म्हटलं, नाव परत घ्या."

"आणि घेतलं त्यांनी?"

"घेतलं. मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले. तेव्हापासून लोकांसमोर कोतो वाजवला नाही. लिहिला खूप. वाजवला नाही."

लिहिला खूप म्हणजे किती, ते मला नंतर समजलं. कोतो आणि ऑर्केस्ट्रा, बासरी आणि पियानो, लहान मुलांचे कॉयर. पोटापाण्यासाठी रेडिओच्या शालेय कार्यक्रमांना चाली दिल्या, सोया सॉसच्या जाहिराती केल्या. त्यांच्या रचना जपानबाहेरही वाजल्या, कोतो मात्र दरवेळी दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली. नवऱ्याच्या जहाज कंपनीच्या नोकरीने त्या सिंगापूरला आल्या. नवरा वारला, त्या राहिल्या. त्यांच्या ब्लॉकमध्ये सगळे त्यांना 'पियानो आंटी' म्हणत. आपल्या लिफ्टमधून ब्रोकोलीची पिशवी घेऊन जाणारी ही बाई कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला होतं. मी ऑफिसात बसल्या बसल्या उगाच ताठ व्हायचे.

कॉयरच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम ठरला आणि सेन्सेईंनी नवीन रचना आणली. कॉयर, पियानो, कोतो आणि एक खालच्या पट्टीतला स्त्रीचा आवाज. तो आवाज माझा होता. मी माझं पान उघडलं तर मधला भाग कोरा. वर पाच सुरांची नावं आणि एक ओळ : 'ज्या घरात वाढलात त्या घरासारखं गा.'

"किती मात्रा गायचं?" मी घाबरून विचारलं.

"श्वास पुरेल तितकं."

मी घरी स्वयंपाकघरात सराव सुरू केला. भाजी परतताना आलाप, डबे भरताना आलाप. नवरा बाहेरून ओरडायचा, "अगं, कुकरची शिट्टी तुझ्यापेक्षा सुरात आहे!" मुलगी दारात उभी राहून विचारायची, "आई, यू सिंगिंग ऑर क्रायिंग?" पण हळूहळू रिषभ जागेवर यायला लागला. कोमल रिषभ, षड्जाला चिकटून असलेला, हलकेच झुलणारा. पुण्याच्या बाई म्हणायच्या की तो घ्यायला जायचं नसतं, तो येईपर्यंत थांबायचं असतं. त्या वयात ते कळलं नव्हतं. आता कळत होतं.

कोतो वाजवायला टोकियोहून एक तरुण वादक येणार होती. कार्यक्रम तोंडावर आला आणि तिचा निरोप आला : पडली, मनगट मोडलं. कॉयरच्या कमिटीने लगेच उपाय काढला. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर 'कोतो' नावाचं बटण असतं. कोणीतरी ते दाबून दाखवलं. सेन्सेईंनी पूर्ण ऐकून घेतलं, 'थँक यू' म्हणाल्या आणि रचना कार्यक्रमातून काढून टाकायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. डब्यात पोहे नेले होते, कारण रिकाम्या हाताने जाऊन हे बोलणं मला जमलं नसतं. त्यांनी पोहे वाटीत काढून घेतले, चॉपस्टिक्सने खाल्ले, छान आहेत म्हणाल्या.

"सेन्सेई, तुमच्याकडे कोतो आहे ना?"

त्यांनी बेडरूमच्या दाराकडे बघितलं. कपाटाच्या मागे जाड रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. मी ते कितीदा तरी पाहिलं होतं, गालिचा समजून.

"मग तुम्हीच वाजवा."

"मी सांगितलंय तुम्हाला. ते नाव नाही आता माझ्याकडे."

"नाव नाही, ते कळलं. पण वाजवायला मनाई कोणी केली?"

त्यांनी रिकामी वाटी बाजूला ठेवली. खाली रुळांवरून मेट्रो येऊन गेली.

"कोणी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "गुरू म्हणाल्या होत्या, या नावाने नको. वाजवू नकोस असं नाही म्हणाल्या. ते मीच ठरवलं. रागाने. मला वाटलं होतं, त्या बोलावतील."

"नाही बोलावलं?"

"त्या वारल्या. मी तेव्हा इथे होते, मुलांना स्केल्स शिकवत होते."

मी उठले आणि वाट्या धुवायला घेतल्या. नळ बंद केला तेव्हा बाहेरच्या खोलीत कापड सोडण्याचा आवाज येत होता.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही अंगात उत्साह येतो. एक तार तुटलेली होती. ती बसवायला तार ताणून धरावी लागते, आणि सिंगापुरात ते करणारं आमच्या माहितीत कोणी नव्हतं. सेन्सेई सांगत गेल्या आणि मी दोन्ही पाय भिंतीला लावून तार ओढली. आमची नेटबॉलवाली मुलगी मदतीला आली होती, तिच्या दंडांत माझ्यापेक्षा जोर होता. नख्या चामड्याच्या अंगठ्यांवर चिकटवलेल्या असतात. सेन्सेईंच्या बोटांचे सांधे वयाने जाड झाले होते, जुन्या अंगठ्या आत जाईनात. माझ्याकडे पुण्याहून आणलेली जुनी चामड्याची पर्स होती. तिचं अस्तर काढून सेन्सेईंनी कात्रीने तीन पट्ट्या कापल्या, वळवल्या, चिकटवल्या. बोटात घालून पाहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आता भारत वाजवणार."

पहिले काही दिवस हात चालेना. डाव्या बोटांना फोड आले. त्या चिकटपट्ट्या लावून वाजवत राहिल्या. मी ऑफिसमधून परस्पर त्यांच्याकडे जायचे आणि जमिनीवर मांडी घालून आलाप करायचे. त्या तार दाबून माझा सूर शोधायच्या. कधी मी वर असायचे, कधी त्या. "थांबा," त्या म्हणायच्या, "तुमचा रिषभ माझ्यापेक्षा खाली आहे." मग पुन्हा. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी ती जागा होती. ती सापडली तेव्हा दोघींना एकदमच कळलं.

कार्यक्रम रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने सेन्सेईंना विचारलं, "कोतो वादक म्हणून कोणाचं नाव घेऊ?" त्यांनी आईवडिलांनी ठेवलेलं साधं नाव सांगितलं. त्याला ते नीट उच्चारता येईना, म्हणून त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

सुरुवात पियानो आणि कॉयरची होती, भरगच्च, चर्चमध्ये ऐकू येतं तसं. मग एकेक आवाज कमी होत गेला, कॉयर नुसता षड्ज-पंचम धरून राहिला आणि पियानो थांबला. सेन्सेईंनी पहिली तार छेडली. मी डोळे मिटले नाहीत. मला त्यांचा डावा हात बघायचा होता. मी षड्ज लावला, मध्यमावर गेले, परत आले, आणि रिषभासाठी थांबले. त्यांनी तार दाबली. तो आला. माझा आणि त्यांचा, एकच. मागे पंचवीसेक माणसं आमच्यासाठी सूर धरून उभी होती, त्यात सरळ गाणाऱ्या आंटीही होत्या. पुण्यात मी कधी मैफिलीत गायले नव्हते, आणि इथे, या शाळेच्या हॉलमध्ये, मी एका मोठ्या संगीतकाराच्या रचनेत माझ्या घरासारखी गात होते.

संपल्यावर टाळ्या आल्या आणि थांबेनात. आंटींनी मला मिठी मारली. "टुडे कॅन, लाह. टुडे रोलर कोस्टर ओके." नवऱ्याने नंतर सांगितलं की आमची मुलगी शेजारच्या अनोळखी माणसाला, त्याने विचारलेलं नसताना, "दॅट्स माय मम" असं सांगत होती, आणि त्यालाच नव्हे, पुढच्या रांगेतल्यांनाही.

स्टेजवर एक वयस्कर जपानी गृहस्थ सेन्सेईंना भेटायला आले. खूप खाली वाकले. दोघं जपानीत बोलले. ते गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होते?

"विचारत होते, मी कुठल्या घराण्याची."

"काय सांगितलंत?"

त्या बोटांतल्या अंगठ्या एकेक करून काढत होत्या. "सांगितलं, हे माझं आहे."

पुढच्या वर्षी त्या आपल्या गावी परत गेल्या. चहाचं दुकान अजून चालू आहे आणि माडी रिकामी होती, ती त्यांनी घेतली. तिथे आता एका भिंतीला पियानो आहे आणि मध्ये कोतो, आणि मुलं दोन्ही शिकतात. त्या मला मधूनच व्हिडिओ कॉल करतात आणि काही न बोलता फोन आधी कोतोसमोर धरतात.

कॉयर आम्ही चालू ठेवला. ती रचना पुन्हा बसवायचं ठरलं तेव्हा टोकियोची ती वादक खरोखरच आली. पण त्या महिन्यात माझ्या बँकेत वर्षअखेरीचं काम होतं आणि मला सरावाला जाणं शक्य नव्हतं. माझा भाग मलय शिक्षिकेला दिला. मी प्रेक्षकांत बसले. खोटं कशाला बोलू, माझं पान तिच्या हातात बघून मी आधी नजर वळवली. मग तिने तोंड उघडलं. पाच सूर तेच, पण ती माझ्यासारखी झुलत नव्हती. ती सुरांना लहान लहान गिरक्या देत होती, तिच्या घरच्या लग्नांत म्हाताऱ्या बायका देत असतील तशा. रिषभ तिने माझ्यापेक्षा पुष्कळ वर घेतला. कोतोवाली मुलगी क्षणभर गोंधळली, मग तार आणखी दाबून तिच्यापर्यंत पोचली.

मी खुर्चीत पुढे सरकून बसले. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "तुमची कोणी गातेय का?"

"हो," मी म्हटलं.